नेपाळ हा परदेश आहे

एखाद्या मराठी कुटुंबाने उन्हाळ्याच्या सुट्टीत काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ असा बेत आखला, की आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि सहलींचा व्यवसाय करणारे यांच्या तोंडून एक वाक्य ठरल्यासारखे ऐकू येते : ‘नेपाळ म्हणजे काही परदेश नव्हे, ते आपलेच.’ बोलणाऱ्याच्या मनात वैर नसते, उलट जिव्हाळाच असतो, आणि म्हणूनच या वाक्याचा प्रतिवाद करण्यास सहसा कोणी धजत नाही. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाच्या ओळखपत्रावर काम भागते, आपला रुपया चालतो, हिंदी समजते, देव तेच, लिपी तीच, जेवण डाळभाताचे. मग तो परदेश कसला, असा या मताचा युक्तिवाद आहे. त्याच्या पोटात आणखी काही मते दडलेली असतात आणि थोडे खोदले की ती बाहेर येतात. जगातील एकमेव हिंदू राष्ट्र त्या लोकांनी हातचे घालविले. तो देश आपल्याच जिवावर जगतो. इतके करूनही तो कृतघ्न, आणि अलीकडे तर चीनच्या कच्छपी लागलेला. पाहावयाचे म्हणाल तर पशुपतिनाथ आणि बर्फाचे डोंगर, बाकी सारी खरेदी. हे मत मला चुकीचे वाटतेच, परंतु त्याहूनही अधिक ते अपमानकारक वाटते. आणि ते प्रेमाच्या भाषेत बोलले जाते यामुळे त्यातील अपमान उणावत नाही, तो अधिकच खोल जातो.

‘परदेश नव्हे’ या पहिल्या विधानापासूनच आरंभ करू. पानिपतानंतर विस्कटलेला मराठी राज्याचा कारभार थोरले माधवराव पेशवे ज्या वर्षांत सावरीत होते, त्याच वर्षांत गोरखा नावाच्या एका लहानशा डोंगरी राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाह हा काठमांडूच्या खोऱ्यातील मल्ल राजांची तीन नगरराज्ये जिंकण्याच्या उद्योगात होता. १७६८ साली काठमांडू त्याच्या हाती आले आणि आजच्या नेपाळचा पाया पडला. कोणा इंग्रज अधिकाऱ्याने नकाशावर रेघ ओढून हा देश निर्माण केलेला नाही. पुढे १८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनीशी त्याचे युद्ध जुंपले. देहरादूनजवळच्या नालापानी येथील खलंगा गढीत बलभद्र कुंवर या सेनानीने सुमारे सहाशे माणसांनिशी, ज्यांत बायकामुलेही होती, कंपनीच्या कितीतरी मोठ्या फौजेला महिनाभर थोपवून धरले. त्या लढाईत कंपनीचा जनरल गिलेस्पी ठार झाला, गढीचे पाणी तोडल्यावरच ती कंपनीच्या हाती आली, आणि आपल्या सेनापतीबरोबर शत्रूचेही स्मारक उभारावे असे इंग्रजांना वाटले. सुगौलीच्या तहाने नेपाळने कुमाऊँ, गढवाल आणि पूर्वेकडे सिक्कीमचा मुलूख गमावला, काठमांडूच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला. परंतु राज्य राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८१८ साली, आपली पेशवाई बुडाली. दोन राज्यांच्या वाटा तिथे फुटल्या : आपल्या मुलखात इंग्रजांचे कलेक्टर, त्यांची न्यायालये, त्यांची जमाबंदी आणि त्यांची शाळा आली, नेपाळात यांपैकी काहीच आले नाही. त्यांच्या वाट्याला १८४६ पासून १९५१ पर्यंत राणा घराण्याचा एकतंत्री अंमल आला, ज्याने देश जगापासून बंद करून ठेवला आणि प्रजेला शिक्षणापासून दूर राखले. म्हणजे त्यांची गुलामगिरी निराळी, त्यांचा लढा निराळा, त्यांच्या स्मरणातील वीर आणि खलपुरुष निराळे. नेपाळच्या पंचांगात स्वातंत्र्यदिन नाही. राणाशाही संपली त्या फाल्गुनातील सातव्या दिवशी प्रजातंत्र दिन पाळतात. काठमांडूच्या टॅक्सीचालकाला ‘तुम्हाला स्वातंत्र्य कधी मिळाले?’ असे विचारणारा प्रवासी आपलेपणा दाखवीत असतो की आपल्या इतिहासाचा अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर बळेच चढवीत असतो?

त्रिभुवन विमानतळावर उतरताना घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. या पंधरा मिनिटांची थट्टा न करणारा प्रवासी मी क्वचितच पाहिला. ‘पंधरा मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला? आपलीच वेळ ठेवायची!’ असे सर्रास म्हटले जाते. १९८६ पासून नेपाळची प्रमाणवेळ गौरीशंकर शिखरावरून जाणाऱ्या रेखावृत्तावर बसविलेली आहे. आपल्या देशातील एक पर्वत आपल्या काळाचा मानदंड असावा असे त्यांना वाटले, यात थट्टेजोगे काय आहे? ज्या मुंबईने साऱ्या हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरल्यानंतरही सुमारे ३९ मिनिटांच्या फरकाची आपली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत अभिमानाने टिकवून धरली, त्या मुंबईच्या माणसाने तरी हा आग्रह समजून घ्यावयास हवा होता. तसेच त्यांचे विक्रम संवत आणि तशीच त्यांची शनिवारची साप्ताहिक सुट्टी. शनिवारी सरकारी कचेरी बंद आढळली म्हणून कपाळाला आठ्या घालणारा पाहुणा लंडनमध्ये रविवारी दुकान लवकर बंद झाले तर मुकाट्याने परततो.

व्हिसा लागत नाही हा सर्वांत मोठा पुरावा मानला जातो. वस्तुतः तो नेमका उलट गोष्टीचा पुरावा आहे. उघडी सरहद्द हे निसर्गाचे दान नाही. शतकानुशतकांची वहिवाट तिच्यामागे आहे हे खरे, पण आजचा तिचा कायदेशीर आधार म्हणजे ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत झालेला शांतता आणि मैत्रीचा तह. एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची मोकळीक परस्परांनी द्यावी, असे त्याचे सातवे कलम सांगते. तह दोन सार्वभौम राज्यांत होतो; आपल्याच प्रांताशी कोणी तह करीत नाही. आणि या तहाविषयी नेपाळी माणसाच्या मनात जी सल आहे तिची वार्ता तरी आपल्या प्रवाशाला असते काय? भारताच्या वतीने त्यावर राजदूताची सही आहे आणि नेपाळच्या वतीने पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांची. ज्या राजवटीने ही सही केली ती काही महिन्यांतच कोसळली. प्रजेला न विचारता, मरणपंथाला लागलेल्या एका घराण्याने घाईने केलेला करार म्हणून त्याकडे पाहणारे लोक नेपाळात आजही पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी बरोबर आहे असे मी म्हणत नाही, कारण या मोकळिकीचा लाभ लक्षावधी नेपाळी कुटुंबांनाही झालेला आहे. पण ज्या दारातून आपण इतक्या सहज आत जातो ते दार कोणी, कोणत्या परिस्थितीत उघडले, हे ठाऊक नसणाऱ्याने ‘इथे दारच नाही’ असे सांगत सुटू नये.

रुपयाची गोष्ट तर याहून अधिक बोचणारी आहे. १९९३ पासून नेपाळने आपल्या रुपयाचा दर भारतीय रुपयाला बांधून ठेवलेला आहे : आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. काठमांडूतील ठमेलच्या बाजारात आपला प्रवासी शंभराची नोट पुढे करतो, दुकानदार ती विनातक्रार घेतो, आणि प्रवाशाची खात्री पटते की हा आपलाच मुलूख. ती नोट दुकानदार घेतो ती आपल्या सरकारवरील विश्वासाने, हे तो विसरतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या तेव्हा त्या विश्वासाचे काय झाले? आपल्याकडे निदान बँकेच्या दारात रांग लावण्याची सोय होती. भारतात मजुरी करून घरी गेलेल्या, मुलीच्या लग्नासाठी किंवा दुखण्याखुपण्यासाठी पेटीच्या तळाशी दोन-चार नोटा जपून ठेवलेल्या नेपाळी माणसाला तीही नव्हती. त्याच्या सरकारने वारंवार मागणी केली, चर्चा झाल्या, आणि त्या नोटा कागदच राहिल्या. ‘आपला रुपया तिथे चालतो’ असे छाती फुगवून म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? आणि ठाऊक असेल तर त्यांनी त्याविषयी कधी चार शब्द उच्चारले काय?

आता ‘देव तेच’ या मुद्द्याकडे वळतो, कारण माझ्या मते या साऱ्या गैरसमजाचे मूळ तिथे आहे. देव तेच आहेत हे मी मान्य करतो. मी एवढेच विचारतो, की देव तेच असले म्हणजे त्यांना पाहण्याची गरज उरत नाही काय? आपल्याकडे नवनाथांची पोथी लावणारी घरे गावोगाव आहेत, मच्छिंद्रनाथ हे नाव मराठी माणसाला परके नाही. पण हाच मच्छिंद्रनाथ काठमांडूच्या खोऱ्यातील पाटण नगरात पावसाचा देव आहे. वैशाखात त्याची तांबडी मूर्ती वेत आणि बांबूंच्या गगनचुंबी रथात बसवितात, शेकडो हात तो डोलणारा रथ दोरांनी ओढीत गल्लीगल्लीतून नेतात, आणि अखेरीस एक रत्नजडित बंडी साऱ्या लोकसमुदायाला उंच धरून दाखविली जाते, तेव्हा राष्ट्रप्रमुख जातीने हजर असतो. हिंदूंना तो मत्स्येंद्रनाथ वाटतो. त्याच वेळी, त्याच मूर्तीला, त्या खोऱ्यातील नेवार समाजाचे बौद्ध करुणामय अवलोकितेश्वर म्हणून हात जोडतात, आणि त्याचे पुजारीही बौद्ध आहेत. नाथपंथाचा अभिमान बाळगणाऱ्या किती मराठी प्रवाशांनी पाटणचा हा नाथ पाहिला असेल? काठमांडूची कुमारी ही तलेजू भवानीचे सजीव रूप मानली जाते आणि ती निवडली जाते शाक्य नावाच्या बौद्ध कुळांतून. गाईजात्रेच्या दिवशी, त्या वर्षी ज्यांच्या घरी मृत्यू झाला असेल ती माणसे गाय किंवा गाईच्या वेषातील मूल पुढे घालून रस्त्याने निघतात, आणि त्याच दिवशी राज्यकर्त्यांची भरचौकात टर उडविण्याची मुभा असते. दिवाळीच्या दिवसांत, ज्याला ते तिहार म्हणतात, एक दिवस कावळ्याचा आणि एक दिवस कुत्र्याचा : रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यालाही टिळा आणि झेंडूची माळ. आणि दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, देवीपुढे बोकड आणि रेडे कापले जातात. नेवार घरांत म्हशीचे मांस सणासुदीचे अन्न आहे.

हे शेवटचे पाहिले की आपल्या प्रवाशाचा ‘देव तेच’ हा सिद्धान्त क्षणात कोसळतो आणि तो नाक मुरडून म्हणतो, ‘हे कसले हिंदू!’ म्हणजे सारखेपणा दिसला तर तो आमचा, आणि वेगळेपणा दिसला तर तो त्यांचा दोष. याला आपलेपणा कोण म्हणेल?

आणि हा सारा प्रदेश आपल्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत किती जागा व्यापतो? सकाळी पशुपतिनाथ, दुपारी बौद्धनाथ, संध्याकाळी खरेदी, दुसऱ्या दिवशी पोखऱ्याची बस. पशुपतिनाथाच्या मुख्य पूजेचा अधिकार दाक्षिणात्य भट्ट पुजाऱ्यांकडे, तेही बहुधा कर्नाटकातून आलेल्या, ही वहिवाट जुनी आहे. राजेशाही गेल्यावर ती मोडून नेपाळी पुजारी नेमण्याचा यत्न झाला तेव्हा केवढा क्षोभ उसळला आणि शेवटी जुनाच क्रम कसा कायम राहिला, ही कथा रांगेत उभ्या असलेल्या आपल्या भाविकाला कोणी सांगत नाही. काठमांडूच्या खोऱ्यातील सात स्थळे १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांतील चांगुनारायण येथे मानदेव राजाचा इसवी सन ४६४ चा संस्कृत शिलालेख उभा आहे. भक्तपूरचे पाच मजली न्यातपोल मंदिर १७०२ साली भूपतींद्र मल्लाने बांधविले. १९३४ च्या आणि २०१५ च्या दोन्ही भूकंपांत भोवतालचे पुष्कळ काही पडले, ते टिकले. पाटणच्या चौकातील १६३७ चे दगडी कृष्णमंदिर पाहून ज्याला आपल्या मंदिरस्थापत्याविषयी नवे प्रश्न पडणार नाहीत असा जाणकार विरळा. ‘पाहावयास काही नाही’ असे म्हणणारा माणूस वास्तविक एवढेच सांगत असतो, की आपण पाहिले नाही.

हिंदू राष्ट्र हातचे गेल्याचा शोक मला तर सर्वांत अनाठायी वाटतो. नेपाळ १९६२ च्या संविधानाने हिंदू राज्य म्हणवू लागला, तेही ज्या राजा महेंद्राने लोकनियुक्त सरकार बडतर्फ करून पक्षांवर बंदी घातली त्याच्या अंमलात. २००६ साली, रस्त्यावरच्या प्रचंड जनआंदोलनानंतर पुन्हा बोलावलेल्या संसदेने ते धर्मनिरपेक्ष घोषित केले, २८ मे २००८ रोजी संविधानसभेने राजेशाही संपविली, आणि २०१५ च्या संविधानाने हा निर्णय कायम केला. त्यात सनातन धर्माच्या संरक्षणाचा उल्लेख आहे आणि गाय आजही तेथील राष्ट्रीय पशू आहे, हेही सांगितले पाहिजे. शंभराहून अधिक भाषा बोलणाऱ्या, तामांग, गुरुंग, राई, लिंबू, थारू अशा कित्येक समाजांच्या त्या देशाने आपल्या राज्याचा धर्म कोणता असावा अथवा नसावा हे ठरविले. तिथे राजेशाही परत आणू पाहणारे लोकही आहेत. त्यांचा तो वाद त्यांच्या घरचा आहे. हॉटेलात चहा आणून देणाऱ्या तरुणाला ‘तुम्ही असे का केलेत?’ असा जाब विचारण्याचा अधिकार नाशिकच्या किंवा नागपूरच्या पाहुण्याला कोणत्या सनदेने मिळाला?

याच संदर्भात लुंबिनीचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १८९६ साली तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यात, सापडलेला अशोकाचा स्तंभ, बुद्ध इथे जन्मला असे स्पष्ट सांगतो, आणि तो स्तंभ आज नेपाळच्या हद्दीत आहे. तरीही ‘बुद्ध आमचा’ या उद्गाराने नेपाळी मन वारंवार दुखावले जाते आणि दुखावण्याचे कारण आपल्याला उमगत नाही. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतल्यावर बाबासाहेब आंबेडकर पुढच्याच महिन्यात, प्रकृती पार खालावलेली असताना, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले, लुंबिनीलाही जाऊन आले, आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्या आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत त्यांनी नेपाळला जाणे पत्करले ते अनेक देशांच्या प्रतिनिधींसमोर आपला विचार मांडण्यासाठी. महाराष्ट्रातून आज जे बौद्ध उपासक सारनाथ, कुशीनगर करीत लुंबिनीला जातात त्यांच्यापुढे हा दाखला आहे, आणि माझा अनुभव असा, की सरहद्द ओलांडताना आपण दुसऱ्या देशात जात आहोत याचे भान त्यांना इतरांपेक्षा अधिक असते.

‘आपल्या जिवावर जगतात’ हे विधान मात्र शांत चित्ताने ऐकून घेणे मला कठीण जाते. नेपाळचा जवळजवळ दोन-तृतीयांश व्यापार भारताशी आहे, इंधन आपल्याकडून जाते, रोजगारासाठी माणसे आपल्याकडे येतात, हे सर्व खरे. पण कोण कोणाच्या जिवावर जगतो याचा हिशेब एका बाजूच्या वहीवरून होत नाही. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत मोहोर धरल्यापासून फळ उतरेपर्यंत रात्रंदिवस राखण करणारे हात कोणाचे? वानरांना हाकलणारे, फवारणीचे पंप पाठीवर वाहणारे, पेट्या भरणारे? बंदरांतून निघणाऱ्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणारी, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी डोंगरची पोरे कोणत्या देशाची? मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकांवर रात्र जागविणारा पहारेकरी कोण? त्याला आपण एकजात ‘बहादूर’ म्हणतो आणि वर्षानुवर्षे त्याचे खरे नाव विचारीत नाही. कामाठीपुऱ्यातून १९९६ च्या छाप्यांत ज्या मुली सोडविल्या गेल्या त्यांत नेपाळच्या पहाडांतून फसवून आणलेल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. हीसुद्धा आपल्या आणि त्यांच्या संबंधांच्या वहीतील एक नोंद आहे, आणि ती आपल्या नावे आहे. १९४७ च्या त्रिपक्षीय कराराने गोरखा पलटणी वाटल्या गेल्या तेव्हा दहांपैकी सहा रेजिमेंटा भारताकडे आल्या, पुढे त्या सात झाल्या. आपल्या जवळजवळ प्रत्येक युद्धात परक्या देशाचे नागरिक असलेले सैनिक आपल्या सरहद्दीवर मेले. २०२२ साली अग्निपथ योजना आली आणि नेपाळने ही भरती थांबविली, तेव्हा आपल्याकडे त्याची चर्चा चार दिवसही टिकली नाही. काठमांडूत सुतारकाम, केशकर्तन, गवंडीकाम, भाजीविक्री करून बिहार-उत्तर प्रदेशातील आपल्या घरी पैसे पाठविणारे भारतीय किती आहेत, ते तर आपण हिशेबातच धरीत नाही.

राहिला कृतघ्नतेचा आरोप. १९४२ च्या नोव्हेंबरात हजारीबागच्या तुरुंगातून निसटलेले जयप्रकाश नारायण कोठे गेले होते? नेपाळच्या तराईत. तिथेच त्यांनी आझाद दस्ता उभा केला, तिथेच ते आणि राममनोहर लोहिया १९४३ साली पकडले गेले, आणि हनुमाननगरच्या कोठडीवर हल्ला करून साथीदारांनी त्यांना सोडविले. नेपाळचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांनी ‘चले जाव’ आंदोलनात आपल्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगला. १८५७ नंतर नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल यांनी आश्रयासाठी जी भूमी गाठली तीही हीच, आणि बेगमेची कबर काठमांडूत आहे. त्याच वेळी जंगबहादूर राणाने लखनौ जिंकावयास इंग्रजांना फौज दिली आणि मोबदल्यात तराईचा मुलूख परत मिळविला, हेही मी लपवीत नाही. त्या दोन्ही गोष्टींतून एवढेच दिसते, की तिथे आपले हित ओळखणारे एक स्वतंत्र राज्य नांदत होते. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये अडकलेला हा देश दोघींशीही सावधपणे वागला तरच टिकेल, हे पृथ्वीनारायण शाहाने अडीचशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आज काठमांडूने बीजिंगशी चार करार केले की आपण त्याला विश्वासघात म्हणतो.

आणि त्यांनी आपल्याशी गोड का वागावे, याची कारणे आपण तरी किती दिली? १९८९ च्या मार्चमध्ये व्यापार आणि पारगमनाचे करार संपताच आपण दोन वगळता सारे नाके बंद केले आणि वर्षभर तो देश रॉकेलसाठी, मिठासाठी तिष्ठत राहिला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथे सुमारे नऊ हजार माणसे मेली. आपली विमाने त्याच दिवशी मदत घेऊन पोचली. ही खरोखर अभिमानाची गोष्ट होती. पण आपल्या दूरचित्रवाणीचे बातमीदार ढिगाऱ्यापुढे उभ्या असलेल्या आईला ‘कसे वाटते?’ म्हणून विचारू लागले, साऱ्या बचावकार्यात फक्त आपलाच झेंडा दाखवू लागले, आणि काही दिवसांतच नेपाळी जनतेने त्यांना परत जा असे जाहीरपणे सुनावले. त्याच वर्षी सप्टेंबरात नवे संविधान आले आणि त्यापाठोपाठ सरहद्दीवर माल अडला. या संविधानाविषयी तराईतील मधेशी समाजाची गाऱ्हाणी खरी होती, आपल्या सरकारने नाकेबंदीचा इन्कार केला, हे नमूद करतो. परंतु भूकंपाने घर पडलेल्या, ताडपत्रीखाली हिवाळा काढणाऱ्या माणसाला चार महिन्यांहून अधिक काळ स्वयंपाकाचा गॅस आणि औषधे मिळेनाशी झाली तेव्हा त्याने ट्रक कोणत्या बाजूला उभे आहेत हे पाहिले. त्याच्या मनात राग राहिला असेल तर तो कृतघ्न ठरतो काय? उपकाराची आठवण त्याने ठेवावी आणि अपकाराची विसरावी, अशी अपेक्षा आपण दुसऱ्या कोणत्या देशाकडून करतो?

यावर शेवटचा आक्षेप येतो तो भावनेचा : ‘मग काय त्यांना परके म्हणावे?’ होय, म्हणावे. मराठी माणूस जपानला जातो तेव्हा कोठे पादत्राणे काढावीत, कसे वाकून नमस्कार करावा, हे आधी विचारून घेतो. युरोपला जाताना दोन पुस्तके चाळतो, चार शब्द पाठ करतो, तेथील कायद्याला भितो. ही सारी तयारी, हा सारा अदब परकेपणाच्या जाणिवेतून येतो, आणि नेपाळच्या वाट्याला यांतील काहीच येत नाही ते केवळ आपण त्याला आपले मानतो म्हणून. मला हा अदब नेपाळसाठी हवा आहे. आणि त्यासाठी मराठी माणसाला जी अनुकूलता आहे ती जगातील फार थोड्या प्रवाशांना असेल : नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. १९०१ पासून निघत असलेले ‘गोरखापत्र’ काठमांडूच्या कोणत्याही चौकात विकत घ्यावे आणि वाचावयास बसावे; पहिल्या दिवशी चतकोर समजेल, आठवड्याने निम्मे. लक्ष्मीप्रसाद देवकोटांचे १९३६ चे ‘मुनामदन’ तिथे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ आहे. पोट भरण्यासाठी घर सोडून ल्हासाला गेलेल्या एका तरुणाची आणि मागे राहिलेल्या त्याच्या बायकोची ती कथा आहे, आणि ती समजली तर आपल्या बागेच्या राखणदाराचे घर कोठे आहे हे विचारण्याची बुद्धी आपल्याला होईल. लिपी तीच असल्याचा दाखला देऊन नेपाळला आपले म्हणणाऱ्याने त्या लिपीतील एक पान तरी वाचले आहे काय, हा माझा प्रश्न आहे. आणि जोवर त्याचे उत्तर नकारार्थी आहे, तोवर ‘नेपाळ म्हणजे परदेश नव्हे’ हे वाक्य मी जिथे ऐकेन तिथे खोडून काढीन.